शिशाचा पदर

आगबोट बुडायला दहा मिनिटं उरली होती, आणि नेमकी तेव्हाच कुंडलिकची आई ओटीचं ताट घेऊन धरणाच्या काठावर आली.

आगबोट म्हणजे अर्धीच. प्लायवूड, लोखंडी सांगाडा आणि खाली हवाबंद पिंपं. शंभर वर्षांपूर्वी कोकणच्या समुद्रात बुडालेल्या बोटीवरची प्रेमकहाणी हे सिनेमावाले मढच्या धरणात बुडवणार होते. समुद्र ऐकत नाही, धरण ऐकतं, असं आपलं त्यांचं मत. पिंपांत पाणी सोडलं की बोट एकदाच बुडणार, दुसरा टेक नाही. नायकामागोमाग नायिका उडी टाकणार होती, पण मुंबईच्या त्या बाईला गुडघाभर पाण्यातही घाम फुटायचा. म्हणून उडी कुंडलिकच्या नूतनची. वीस वर्षांची पोर, याच पाण्यात मासे धरत वाढलेली.

कुंडलिकची छाती महिनाभर फुगलेली होती. दिग्दर्शक ऋषीनं खोल, मोकळी जागा विचारली तेव्हा यानंच हात करून दाखवली होती. "हितं तीस फूट. तळ साफ. मोजायचं काय त्यात राव, आमचंच रान व्हतं ते." नऊवारी पाण्यावर फुगून तरंगते अशी तक्रार आली, तेव्हा आपल्या जाळ्याची शिशाची वजनं पदराला शिवायला यानंच काढून दिली. नूतननं उडी टाकायची, खाली जायचं, कमरेची गाठ सोडायची आणि लुगडं तिथंच टाकून वर यायचं. विहिरीत तीनदा सराव झाला. काठावरून कुंडलिकनं हात वर केला की उडी, असं बापलेकीचं ठरलेलं.

"आये, तू कशाला आली उन्हाची?" कुंडलिक म्हणाला.

"आसरांची ओटी सोडाया," अंबाबाई म्हणाली. "पाण्यातल्या बायका त्या, इचारायला नगं? त्यांच्या उंबराच्या डोक्यावर बोट नेऊन ठेवली तुमी."

"कसला उंबर? धरण व्हायच्या आधी आबांनी समदी झाडं तोडली की."

"समदी तोडली. त्यो न्हाई. आसरांच्या झाडाला कुऱ्हाड कोन लावंल? धरणाच्या सायबाला सांगितलं, तोडला म्हून. मीच आडवी पडले व्हते."

कुंडलिकनं वळून बोटीकडे पाहिलं. वडिलांनी झाडं तोडली तेव्हा तो राजुरीला मामाकडे शाळेत होता. परतला तेव्हा सगळीकडे पाणीच पाणी. आसरांच्या भीतीनं तिथं कोणी जाळं टाकत नसे, त्यामुळे कोणाचं जाळं कधी अडकलंही नाही. आणि यंदा कालव्याला आवर्तनावर आवर्तन सुटलेलं. पाणी बारा फूट उतरलं होतं, इतकं खाली आजवर कधी गेलं नव्हतं. भरल्या धरणाच्या तिसातून बारा गेले, अठरा राहिले. उंबर चांगला पंधरा फुटांचा. म्हणजे पोरीच्या उडीखाली जेमतेम तीन फूट पाणी, आणि त्याखाली बोडक्या फांद्या.

वॉकीटॉकीवाल्या सहायकाकडे तो धावला. "थांबवा! खाली झाड हाय!"

"भाऊ, पिंपं उघडली. आता देव आला तरी थांबत नाही."

खरंच बोट कलायला लागली होती. मोठमोठे पंखे वारा सोडत होते, धूर पसरला होता, कर्ण्यातून तुफानाचा आवाज घुमत होता. कुंडलिकनं आपली होडी लोटली आणि जीव खाऊन वल्ही मारली. कर्ण्यावर ऋषी ओरडला, "ती होडी बाहेर काढा! फ्रेममध्ये येतेय!" कुंडलिक थेट फ्रेममध्ये घुसला. वर कठड्यावर हिरव्या नऊवारीत नूतन उभी होती. हाक त्या गदारोळात पोचणं शक्यच नव्हतं. तो होडीत उभा राहिला आणि थांब, थांब म्हणून त्यानं हात वर केला.

नूतननं हात पाहिला आणि उडी टाकली.

जागा यानं दिली, शिसं यानं दिलं, इशाराही यानंच दिला. बापानं आणखी काय करायचं बाकी ठेवलं होतं? कमरेची जाळं कापायची सुरी दातांत धरून त्यानं बुडी मारली.

खाली गढूळ हिरवा अंधार होता. हाताला पहिली फांदी लागली आणि त्यानं झाड ओळखलं. लहानपणी याच्यावर चढून त्यानं दुपारच्या दुपारी काढल्या होत्या. डावीकडची जाड फांदी, तिच्याखाली बेचका. चाचपडत तो तिथवर उतरला, तर पोरीचे मोकळे केस तोंडावर आले. पदर बेचक्यात अडकला होता, आणि ती त्याला लटकून पाय झाडत होती. त्यानं पदर कापला, कमरेचा वेढा कापला, तिला काखोटीला मारलं आणि वर आला.

होडीत ती पालथी पडून पाणी ओकली. खांद्याला खरचटलं होतं, बाकी धड होती. मागं बोट दुसऱ्या अंगाला कलून बुडून गेली होती. काठावर ऋषी डोकं धरून बसला होता. कुंडलिकला त्याचं काही वाटलं नाही.

"पानी अजून उतरू दे," तो म्हणाला. "कुऱ्हाड घिऊन येतो. मुळासकट काढतो त्याला."

"नाना, नगं." नूतनला धाप लागली होती. "गाठ आवळून बसली व्हती. सुटतच नव्हती. शिसं खाली वढत व्हतं मला, लई खाली. त्या फांदीनं पदर धरला म्हून थांबले, न्हाईतर तुमाला गावले नसते."

विहिरीतल्या सरावात लुगडं होतं, शिसं नव्हतं. शिसं आज सकाळीच शिवलं होतं.

पोरीला काठावर उतरवून तो आईपाशी गेला. अंबाबाई ताट घेऊन तशीच उभी होती, डोळ्यांना धार लागलेली. एरवी या ओटीला तो हसायचा. आज त्यानं तिच्या हातातून ताट घेतलं आणि एकटाच परत होडीत बसला. उंबराच्या डोक्यावर नारळ, खण आणि हिरव्या बांगड्या पाण्यात सोडल्या. खाली पदराचा तुकडा फांदीला हलत होता. तो सोडवायला कुंडलिकनं हात घातला नाही.