चौथा प्रश्न

कारिनने वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि कोपराने पुस्तकाचं पान दाबून धरलं. मग तीच ओळ पुन्हा वाचली. पुस्तक एक सांगत होतं, वही दुसरंच.

"काय गं, कोणी मेलं का?" आर्विडने डॅशबोर्डवरचं सँडविच उचलत विचारलं.

जहाजाला वाट द्यायला उचलता पूल वर गेला होता. खनिज भरायला निघालेलं या मोसमातलं पहिलं जहाज फुटलेल्या बर्फातून सावकाश बंदरात शिरत होतं. रुग्णाला पोचवून परतणारी त्यांची रिकामी अ‍ॅम्ब्युलन्स रांगेत अडकली होती. दहा मिनिटं तरी सुटका नव्हती.

"इथे चूक आहे," कारिन म्हणाली.

"तुझी?"

"डिलियाची. तिच्या नोट्स आहेत या."

चूक तशी एका ओळीची होती. पेरॉक्साइड टाकलं की हायड्रोजन ब्रोमाइड नेहमीपेक्षा उलट्या बाजूने जोडलं जातं, हे डिलियाने बरोबर लिहिलं होतं. पण त्याखाली तिच्या गोल, स्वच्छ अक्षरात होतं: 'क्लोराइडलाही हाच नियम.' आणि त्यावर दोनदा ओढलेली रेघ. पुस्तकात मात्र क्लोराइडला हा नियम लागू नाही, असं स्पष्ट छापलेलं होतं.

"डिलिया म्हणजे तीच ना, दर शुक्रवारी तुला अक्रोडाचा पाव खायला घालणारी?" आर्विड म्हणाला. "फुकट पाव, फुकट नोट्स. तुमच्या त्या वर्गात ए किती जणांना देतात म्हणालीस?"

"वरच्या अकरा जणांना."

"मग ती तुला बाराव्या नंबरावर ढकलतेय."

"काहीतरीच काय!"

"माझ्या मेव्हण्याने मला मासे कुठे लागतात ते सांगितलं होतं. बर्फाला अगदी नेमकं भोक पाडून दिलं. चोवीस वर्षं झाली, मी तिथे गारठत बसतो आणि तो पलीकडच्या किनाऱ्यावर टोपल्या भरतो." त्याने सँडविचचा शेवटचा घास तोंडात टाकला. "मी काही म्हणत नाही. तुझी मैत्रीण आहे."

कारिनने वही मिटली. मग पुन्हा उघडून त्या दोन रेघांकडे पाहिलं. दोनदा. जणू वाचणाऱ्याने ती ओळ विसरूच नये.

कारिन लाहती एकतीस वर्षांची होती. सात वर्षं ती अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करत होती, आणि रुग्णाला दारापर्यंत पोचवून मागे फिरण्याचा तिला कंटाळा आला होता. दाराच्या आत काय होतं ते तिला करायचं होतं. आड येत होती ती एकोणीस वर्षांची कारिन. त्या मुलीने हॉकी खेळली, पहाटेचे वर्ग झोपून काढले, दोन विषय तर रीतसर सोडायचेही कष्ट न घेता तसेच टाकून दिले. चार वर्षांची सरासरी झाली चारपैकी दोन पॉइंट एकसष्ट. जुने गुण पुसता येत नाहीत. त्यांच्यावर नव्या गुणांचे थर चढवत जावं लागतं. कारिनने गणित मांडून फ्रिजवर चिकटवलं होतं: आणखी बावन्न क्रेडिट, सगळ्यांत ए, म्हणजे सरासरी तीनच्या जरा वर. एक बी चालेल. दोन आले तर तीनच्या खाली, आणि तीनच्या खालचे अर्ज मेडिकल कॉलेजं उघडतच नाहीत असं सगळे सांगत.

तो एक बी तिला भौतिकशास्त्रात मिळून गेला होता.

डिलिया मारोल्ट सत्तावीसची. उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणीच्या गावातून आलेली, औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून देणारी, आणि रसायनशास्त्रात एकदा नापास झालेली. तिच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस यायचा. "बाकीचे पाच दिवस आजारी पडायला बंदी आहे," असं ती हसत सांगायची. पहिल्याच आठवड्यात ती कारिनच्या शेजारी येऊन बसली होती. "या पोरांच्यात आपण दोघीच म्हाताऱ्या. म्हाताऱ्यांनी एकत्र बसावं." कारिनची ड्यूटी असली की डिलिया न मागता नोट्सची वही पुढे करायची.

न मागता. पुलावरून गाडी उतरत असताना हा शब्द कारिनच्या मनात आला आणि तिथेच राहिला.

शुक्रवारी दुपारी दोघी वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर बसल्या. डिलियाने कागदाची पुडी सोडली, पावाचे काप केले आणि मोठा काप कारिनकडे सरकवला.

"खा. आजीने पाठवलाय. तिला वाटतं परीक्षा पोटाने देतात."

कारिनने काप हातात धरून ठेवला. "नवव्या धड्याच्या नोट्स... सगळ्या नीट आहेत ना?"

"डोळे मिटून पाठ कर."

"पुस्तकाशी ताडून पाहिल्यास?"

"पुस्तक कोण उघडतंय! वर्गात क्विस्ट बोलत जातात, मी लिहीत जाते. त्यांचा वेग तुला माहीत आहे." डिलियाने बोटावरचे कण चाटले. "का गं? काही चुकलंय का? दिसलं तर सांग हं. मी घाईत लिहिते."

कारिनने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. अपघाताच्या जागी 'मी प्यायलो नाही' म्हणणाऱ्या माणसाकडे ती असंच पाहायची. डिलियाचे डोळे स्वच्छ होते. सराईतांचेही असतात.

"नाही," कारिन म्हणाली. "मला तरी काही दिसलं नाही."

"मग झालं तर."

डिलिया वहीचं पुढचं पान उलटून वाचू लागली. कारिनने पावाचा काप रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला.

सोमवारच्या परीक्षेत चौथा प्रश्न बारा गुणांचा होता. हायड्रोजन क्लोराइड, सोबत पेरॉक्साइड; काय तयार होईल ते काढून दाखवा. कारिनने उत्तर लिहिलं, खाली कारण लिहिलं, आणि मान वर केली. दोन खुर्च्या पलीकडे डिलिया लिहीत होती. तिचं पेन कुठे अडखळत नव्हतं. ती काय लिहिते ते इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी कारिन थोडा वेळ तिकडे बघत राहिली. तिला खरं उत्तर माहीत असणार, नसायला काय झालं, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पाचव्या प्रश्नाकडे वळली.

बुधवारी गुण लागले. कारिनला एक्क्याण्णव. संध्याकाळी प्राध्यापक क्विस्टनी तिला बोलावून घेतलं.

क्विस्ट सडपातळ, मितभाषी गृहस्थ होते. विद्यार्थ्याला बसायला सांगण्याआधी ते नेहमी खुर्चीवरची पुस्तकं स्वतः उचलून खाली ठेवायचे. तशी ती त्यांनी ठेवली.

"मारोल्ट काल सकाळी आली होती," ते म्हणाले. "पेपर तपासून व्हायच्या आत. परीक्षेनंतर घरी जाऊन तिने पुस्तक काढलं. चौथ्या प्रश्नाचं आपलं उत्तर चुकलं, असं तिला कळलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती."

कारिनने हात मांडीवर ठेवले.

"तिचं म्हणणं असं की, तिच्याच नोट्स तुझ्याकडे होत्या, तेव्हा तुझंही उत्तर चुकलं असणार. ती चूक तुझी धरू नये. हवं तर तिचे आणखी गुण कापावेत. मी म्हटलं, असं करता येत नाही. ती रडली नाही, पण बराच वेळ उठलीही नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग मी तुझा पेपर पाहिला. तुझं उत्तर बरोबर आहे. कारणासकट."

"मी पुस्तकात वाचलं होतं."

"चांगली गोष्ट आहे. कधी?"

बाहेर कोणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. कुलूप बसल्याचा आवाज आला.

"परीक्षेच्या आधी," ती म्हणाली.

क्विस्टनी मान हलवली.

"तुझं शिफारसपत्र मी लिहून ठेवलंय. मागच्याच आठवड्यात लिहिलं. तू सांगशील तेव्हा पाठवीन."

"अर्जाची मुदत जूनमध्ये आहे, सर."

"मला माहीत आहे."

डिलिया खालच्या मजल्यावर पायऱ्यांजवळच उभी होती, कोट घालून, टोपी हातात घेऊन. कारिनला पाहताच ती धावत पुढे आली.

"क्विस्ट काय म्हणाले? गेले ना तुझे बारा? अगं, मी मूर्ख आहे. त्या दिवशी त्यांनी 'लागू नाही' म्हटलं असणार आणि मी 'लागू' तेवढंच ऐकलं. वर आणि रेघा ओढल्या! दोन दिवस झोप नाही मला. माझं काय, मला नापास व्हायची सवय आहे, पण तुझा तो एक बी आधीच..."

"माझे नाही गेले."

"म्हणजे?"

"मी बरोबर लिहिलं."

डिलियाचा चेहरा उजळला. खरोखरच उजळला. कारिनला तो पाहवेना. "देवा! मग कुठे कळलं तुला? तिथेच, परीक्षेत?"

हो म्हणणं सोपं होतं. एकच शब्द. कारिनने जिन्याचा कठडा धरला.

"गुरुवारी," ती म्हणाली. "पुलावर. गाडीत बसून वाचत होते तेव्हा."

डिलिया अजून हसतच होती. मग हसू हळूहळू ओसरलं.

"शुक्रवारी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"काही चुकलंय का, म्हणून."

"हो. मला वाटलं, तू मुद्दाम..." वाक्य पुरं करायला हवं होतं, म्हणून तिने ते केलं. "मला वाटलं, मला मागे टाकायला तू मुद्दाम तसं लिहिलंस."

"आणि मीही त्याच वहीतून अभ्यास करत होते, ते काय सोंग होतं?"

हा साधा विचार चार दिवसांत कारिनच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. किंवा शिवला असेल, तर तिने त्याला आत येऊ दिलं नव्हतं.

"मी क्विस्टकडे जाऊन बसले," डिलिया हळू आवाजात म्हणाली. "तुझ्यासाठी. कसली वेडी दिसले असेन मी त्यांना!"

तिने टोपी घातली, कानांवरून नीट ओढून घेतली आणि दार ढकलून बाहेर गेली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं कारिनला वाटलं.

पुढच्या वर्गाला डिलिया पहिल्या रांगेत जाऊन बसली, दोन एकोणीस वर्षांच्या पोरांच्या मध्ये. कारिनने तिला एक लांबलचक पत्र लिहिलं आणि फाडलं. मग दोन ओळींचं लिहिलं आणि तिच्या कॉलेजातल्या कप्प्यात ठेवलं. उत्तर आलं नाही. ड्यूटीच्या दिवसांच्या नोट्स आता ती पुस्तकातून स्वतः काढू लागली. दुप्पट वेळ लागायचा.

"निस्तरलं का तुझ्या मैत्रिणीचं?" आर्विडने एकदा विचारलं.

"ती बरोबर होती."

"नोट्स?"

"नोट्स नाही. ती."

आर्विडने तिच्याकडे तिरकं पाहिलं, गाडी सुरू केली आणि त्या दिवशी मेव्हण्याचं नाव काढलं नाही.

मे महिन्यात बंदरापुढचं सरोवर बर्फातून मोकळं झालं, शेवटची परीक्षा झाली. कारिनला ए मिळाला. त्याच दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यातून जाताना तिने डिलियाचा आवाज ऐकला. ती त्या दोन पोरांना सांगत होती, "बी! तीन गुणांनी ए हुकला! आता पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्या धाकट्या भावंडांबरोबर बसते." पोरं हसली, तीही हसली. कारिन तिथेच, पाण्याच्या नळाशी थांबून राहिली, आणि पाणी न पिताच परत फिरली.

क्विस्टकडे जायचं ती रोज टाळत राहिली. पत्र पाठवा, हे दोन शब्द म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. मुदतीला चार दिवस उरले तेव्हा ती गेली. क्विस्ट वह्या-उत्तरपत्रिका आवरत होते. विद्यार्थ्याची खुर्ची आज आधीच रिकामी होती.

"सर, त्या पत्राबद्दल..."

"सोमवारीच पाठवलं."

"पण मी तर काही सांगितलं नव्हतं."

"मारोल्टने सांगितलं." क्विस्टनी समोरचा गठ्ठा सारखा केला. "येऊन विचारलं, लाहतीचं पत्र गेलं का. मी नाही म्हणालो. म्हणाली, पाठवा. त्या दिवशी जिन्यापाशी खोटं बोलायची सोय होती तेव्हा कारिन माझ्याशी खोटं बोलली नाही, असं म्हणाली. एकदाच, पण नाही बोलली."

कारिन उभीच होती.

"का?" तिने विचारलं. शब्द आपोआप बाहेर पडला, आणि त्याला जी धार होती ती तिला स्वतःलाही ऐकू आली. "म्हणजे, तिला यातून काय मिळणार..."

क्विस्टनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"हे तू विचारशील, असंही ती म्हणाली होती," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढची उत्तरपत्रिका उघडली.