बडग्याच्या अंगावरचा कोट

ताडपत्रीच्या फटीला डोळा लावून महादेवराव उभे होते. आत बांबूच्या सांगाड्यावर त्यांचाच कोट चढवलेला होता. तपकिरी, कोपरावर ठिगळ असलेला. ह्याच कोटात त्यांनी इतवारीच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवला होता.

पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, पीडा घेऊन जाणाऱ्या दोन बायांचे मोठाले पुतळे, निघतात आणि त्यांच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे. ज्याचा लोकांना वीट आला त्याचा पुतळा करायचा, वर्षभराची इडापीडा त्याच्या माथी मारायची, मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. ह्या गल्लीचा बडग्या कोणाचा, हे ठरवायचा मान महादेवराव सरांचा. तो त्यांना कधी आणि कोणी दिला, हे कोणालाच आठवत नव्हतं. सरांना तर तो जन्मतःच मिळाल्यासारखा वाटे.

ठरवताना ते शिकवतही. मित्रांनीच भोसकलेला रोमचा सेनापती, मान कापलेला फ्रान्सचा राजा, तळघरात कुटुंबासकट संपलेला रशियाचा झार. सगळ्यांची चूक एकच, असं ते म्हणायचे. पाठीमागे काय शिजतंय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्याला मात्र कळतं, अशी सरांची खात्री होती.

यंदा शिजत होतं खरं. सुशील त्यांचा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, पंख्यांच्या दुकानाचा मालक. यंदा बडग्या कोणाचा करायचा, हे विचारायला तो आलाच नव्हता. सर चौकात आले की पोरं गप्प होत. खुर्ची पुढे करत, चहा देत, पण ताडपत्री ओढून घेत. एवढी अदब म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे सरांनी ओळखलं. अदब आधीही अशीच असायची, पण संशय आला की मागचं कोण आठवतो.

आणि आता हा कोट.

ताडपत्री सारून ते आत शिरले. सुशील कोटाच्या बाहीत तणस भरत होता. सरांनी आवाज चढवला नाही, वर्गातही ते चढवत नसत. बंड करायचं तर समोरून करा, म्हणाले. उद्याच ठाण्यात जाऊन सांगतो, ह्या बडग्याला गल्लीची संमती नाही. शेवटी, सुशीलकडे न पाहता, त्यांनी घरभेदी हा शब्द वापरला.

सुशीलचा चेहरा उतरला. "सर, हा बडग्या तुमचा हाये असं वाटलं तुमाले?"

"कोट कोनाचा हाये?"

"कोट तुमचाच." हातातलं तणस त्यानं खाली टाकलं. "काढून देतो."

त्यानं बाहीतलं तणस काढलं, बटणं सोडली, कोट झटकला आणि नीट घडी करून दोन्ही हातांनी पुढे धरला. आतली बाकीची पोरं खाली पाहत होती. सर तिथून निघाले ते जिंकल्यासारखे. चौक ओलांडेपर्यंत ते टिकलं.

घरी शामलाबाई तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याच्या काखेतला कोट पाहून त्यांनी विचारलं, हा परत काहून आणला?

"परत म्हणजे?"

"अवो, मीच देल्ला. पोरं दरसाल जुने कपडे मागाले येतात ना. मागच्या साली रंभाबाईच्या नवऱ्याचा सदरा होता, तो रुसला का?"

सर खाटेवर बसले. पुतळ्याच्या अंगावर गल्लीतल्याच कोणाचा तरी कपडा हवा, म्हणजे आपली पीडा आपण पाठवली असं होतं, हा रिवाज त्यांनीच सुरू केला होता.

"मंग बडग्या कोनाचा हाये वं?"

"रस्त्याच्या ठेकेदाराचा. तुमी राजे सांगता, पोराईले खड्डे दिसते. यंदा आपल्या मनानं करू म्हणे. सरले वाईट वाटन, म्हणून लपवून राहिले होते बिचारे."

महादेवरावांना लाज वाटली. पण त्याहून जास्त लागलं ते हे की बंड खरंच झालं होतं आणि ते करताना कोणाला त्यांचा रागसुद्धा आला नव्हता.

ठाण्यात ते गेले नाहीत. चौकातही फिरकले नाहीत.

मारबतीच्या दिवशी ढोल दारापर्यंत आला तेव्हा ते खिडकीत होते. ठेलागाडीवर ठेकेदार उभा, हातात घमेलं, गळ्यात गिट्टीच्या पिशव्या. अंगात मात्र काहीच नव्हतं. नुसतं तणस, सुतळीनं आवळलेलं. पोरांनी दुसऱ्या कोणाकडे कपडा मागितलाच नव्हता.

सर कोट घेऊन खाली आले. त्यांना पाहून ढोल थांबला. ते कोणाशी बोलले नाहीत. गाडीवर एक पाय ठेवून वर चढले, बडग्याच्या हातातलं घमेलं सुशीलकडे दिलं, एक बाही घातली, मग दुसरी, आणि खालून वर बटणं लावत आले. कॉलर सारखी केली.

"सर, जळन ना हा," सुशील हळूच म्हणाला.

"मंग? जाळालेच तर चाल्ले ना तुमी."

सुशीलनं घमेलं परत बडग्याच्या हातात अडकवलं. उतरायला हात दिला, तो सरांनी धरला. "पुढच्या साली कोनाचा करू, सर?"

"मले काहून विचारतो गा?"

ढोल पुन्हा सुरू झाला. कोणीतरी ओरडलं, घेऊन जा गे मारबत, आणि सगळी गल्ली ओरडली. सरही ओरडले, थोडे मागाहून. गाडी वळणाकडे निघाली. गर्दीच्या डोक्यांवरून कोपरावरच्या ठिगळासकट आपलीच पाठ दूर जाताना त्यांना कितीतरी वेळ दिसत राहिली.