फॅक्सन जोनीला आहे

टेबलावरचे दोन्ही झेंडे एका उंचीवर आणून ऑफिसातला कारकून लास्टन मागं सरला, तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष म्सोसाबाईंनी हातातल्या कागदावरून मान न उचलता विचारलं,

"हा फॅक्सन कोण?"

लास्टननं एका झेंड्याची काठी उगीच पुन्हा सरळ केली.

"राजदूतांचा माळी होता, मॅडम."

"होता?"

"म्हणजे, ते इथं राहत होते तेव्हा."

बाईंनी चष्मा काढला. त्यांना खुर्चीवर बसून उणेपुरे वीस दिवस झाले होते. आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी मरण्यापूर्वी मदत देणाऱ्या एकूण एक देशाशी भांडण उकरून काढलं होतं, आणि या गोऱ्या राजदूताला तर तीन दिवसांत चंबूगबाळं आवरायला लावलं होतं. तेव्हापासून मदत आटली. पंपावर पेट्रोल नव्हतं, इस्पितळात मलेरियाची साधी गोळी मिळत नव्हती. बाईंनी नाकदुऱ्या काढून त्याच राजदूताला परत आणलं होतं. तीन वाजता करारावर सह्या व्हायच्या होत्या.

"सही करण्याआधी त्यांना एवढंच हवंय," बाई म्हणाल्या. "माझा माळी कुठं आहे ते सांगा, म्हणतात. दुसरी अट नाही. तुला काही ठाऊक?"

लास्टनला सगळं ठाऊक होतं. हकालपट्टीचं पत्र त्यानंच बंगल्यावर नेऊन दिलं होतं, आणि त्याच संध्याकाळी पोलिसांनी त्याला विचारलं होतं, नोकरांपैकी गोऱ्याशी जास्त बोलतं कोण? आपल्यावर बालंट नको म्हणून त्यानं एक नाव सांगून टाकलं. आठवड्यानं चौकीच्या अंगणात त्याला फॅक्सनची सायकल दिसली. शिपाई म्हणाला, हवी तर घेऊन जा, त्याला आता ती लागायची नाही. तेव्हापासून दारावर थाप पडली तरी लास्टन आधी दिवा मालवी.

"जोनीला गेला असं ऐकतो, मॅडम."

जोनी म्हणजे जोहान्सबर्ग. प्रत्येक गावातले चार-दोन पुरुष तिकडं कामाला गेलेले असत आणि पाच-पाच वर्षं त्यांचा पत्ता नसे. तेव्हा हे उत्तर कोणालाही खपण्यासारखं होतं.

"असं ऐकतोस, की असं आहे?"

"आहे."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांनी सारं ओळखलं असं त्याला वाटलं, आणि नाही ओळखलं असंही वाटलं.

"मग त्याच्या बायकोला घेऊन ये. तिच्या तोंडून ऐकलं की साहेबांचं समाधान होईल."

फॅक्सनचं गाव डेडझा शहराच्या वाटेवर, तासाभराच्या अंतरावर होतं. सबंध रस्ताभर लास्टन मनातल्या मनात धमकीची वाक्यं जुळवत होता. पण एनिफा समोर आली, हातात मक्याच्या पिठाची चाळण, कपाळावर पीठ, आणि सरकारी गाडी बघून ती जागच्या जागी थिजली, तेव्हा त्याच्या तोंडून एकही धमकी निघेना.

"ताई, गोरे साहेब परत आलेत. तुमचा नवरा कुठं आहे ते विचारतील. जोनीला आहे, एवढंच सांगायचं."

चाळण हातातच थांबली. दहा महिने ही बाई चौकी-चौकी हिंडली होती. आता ही किंचाळणार, गाव गोळा करणार, असं वाटून लास्टननं गाडीचं दार धरून ठेवलं.

"हे कोणी सांगितलं?" तिनं हळूच विचारलं.

"राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसातून आलंय."

ती आत गेली, धुतलेलं लुगडं कमरेला गुंडाळून आली आणि मुकाट्यानं गाडीत बसली. वाटभर ती मांडीवरचं लुगडं मुठीत चुरगाळत होती. घाबरलीय, लास्टनला वाटलं. घाबरलेलीच बरी.

दालनात शिरताच तिनं गुडघे टेकले, दोन्ही हातांनी हळू टाळी वाजवून नमस्कार केला. राजदूत घाईघाईनं उठला. त्यानं मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं,

"एनिफा, फॅक्सन कुठं?"

म्सोसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"जोनीला आहे, साहेब," एनिफा म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली.

राजदूतानं तिच्याकडं पाहिलं, मग म्सोसाबाईंकडं, मग मनगटावरच्या घड्याळाकडं. त्याला आणखी काही विचारता आलं असतं. त्यानं विचारलं नाही.

"चांगलं झालं," तो म्हणाला आणि त्यानं पेन उघडलं.

सह्या झाल्या, फोटो झाले. लास्टनचा जीव भांड्यात पडला. निघताना म्सोसाबाई त्याच्याजवळ थांबल्या आणि फक्त म्हणाल्या, "तिला घरी नीट पोचव."

गाडी शहराबाहेर पडल्यावर एनिफानं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"साहेब, त्यांचा फोन नंबर आहे का तुमच्याकडं?"

"कोणाचा?"

"आमच्या यांचा."

लास्टननं वळून पाहिलं. ती हसत होती. डोळे अजून ओले होते, पण ती हसत होती.

"मला सकाळीच विचारायचं होतं. धीरच होईना. म्हटलं, विचारायला जावं आणि भलतंच काही निघायचं. सासूबाई तर म्हणत होत्या, पुरे झालं, रिकामी का होईना, कबर खणू, केस उतरव. मी अडून बसले होते. एवढ्या मोठ्या ऑफिसातून कळलंय म्हटल्यावर आता त्या काय बोलतील! जरा बाजाराशी थांबवा ना. मासळी घेते. आज सगळ्यांना जेवायला घालायचंय."

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. ताई, थांबा, असं म्हणायला लास्टननं तोंड उघडलं, आणि ती उतरून पार दुकानाशी पोचली तरी ते तसंच उघडं राहिलं.

गावात शिरता शिरताच तिनं खिडकीतून ओरडून सांगितलं. बायका धावत आल्या, जीभ हलवून आनंदाचा गजर करू लागल्या. त्या गर्दीतून वाट काढत फॅक्सनची आई आली. वाकलेली, काठी टेकत. तिनं लास्टनसमोर धुळीत गुडघे टेकले. तो मागं सरला, तर पाठीला गाडी लागली.

"लेकरा," म्हातारी म्हणाली, "तू स्वतः पाहिलंस त्याला?"

बायका जवळ सरकल्या. एनिफा मासळीची जुडी छातीशी धरून त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"पाहिलं," लास्टन म्हणाला.

"कसा आहे?"

"बरा आहे," तो म्हणाला. "जरा रोडावलाय, एवढंच."