पाठीतला कोरा कागद

मित्रांनो, मी एक जुनी हेरकथा आहे, आणि एके काळी माझा भाव फार होता. उदगीरच्या वाचनालयात माझ्यासाठी नंबर लागायचे. वाचून झालं की लोक माझ्या शेवटच्या पानावर लिहायचे, "झकास", "एका बैठकीत संपवली". मी फुगून जायचे.

माझ्यात सरहद्दीजवळच्या गावातला एक बाइंडर आहे. अदबीनं बोलणारा, मशिदीमागं दुकान असलेला. तो पुस्तकांच्या पाठीत लष्कराचे नकाशे दडवून शत्रूला पाठवतो. शेवटी पकडला जातो आणि वाचक खूश होतात.

हातोहात फिरून माझी शिवण तीनदा उसवली. तिन्ही वेळा मला उदगीरच्याच बाइंडर वाजिदभाईंनी शिवलं. फार हलक्या हाताचा माणूस. दुकानात आलेले लोक हसत विचारायचे, "काय वाजिदभाई, नकाशा कुठं दडवला?" तेही हसायचे. मलाही ती गंमतच वाटायची, खोटं कशाला बोलू.

यंदा चौथ्यांदा त्यांच्याकडे गेले. शिवायच्या आधी त्यांच्या नातीनं, कॉलेजातल्या जेबानं मला वाचायला घेतलं. सुरुवातीला तीही रंगली, भराभर पानं उलटत होती. मग बाइंडर आला आणि तिचा हात थांबला. मला तिची भीती वाटायला लागली.

"नाना, तुम्ही वाचलंय हे?"

"हाव. पहिल्यांदा शिवलं तवाच."

"तरी तीनदा शिवलं? आता नका शिवू. जाऊ द्या रद्दीत."

वाजिदभाई खळ ढवळत राहिले. मग म्हणाले, "आधी मी पुस्तकाच्या पाठीला आतून जुना छापील कागद लावायचो. सगळेच लावतात. लोक नकाशाचं इचारायला लागले, तवापासून कोराच लावतो. कुणी उसवलंच, तर आत काही निघायला नको."

इतकी वर्षं तो कोरा कागद माझ्या पाठीत होता आणि मला त्याचं कारण माहीत नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

जेबानं मला पुन्हा उचललं. मग तिनंच सुईत दोरा ओवला. शिवून झाल्यावर शेवटच्या पानावर, त्या सगळ्या "झकास"च्या खाली तिनं लिहिलं, "गोष्ट रंगते. पण हे पुस्तक तीनदा शिवणारे बाइंडर वाजिद माझे नाना आहेत. ही गोष्ट छापून आल्यापासून ते घाबरून काम करतात."

मित्रांनो, मला जपा असं कुठल्या तोंडानं म्हणू? वाचा जरूर. फक्त ते शेवटचं पान आधी वाचा, आणि मला उसवून बघू नका.