पवनचक्कीला तेल

एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या एप्रिलात मी व्हर्लिनला घेऊन टेक्सासहून ॲरिझोनातल्या टुसानला निघाले होते, आमच्या मुलीकडे. 'घेऊन' असंच म्हणायला हवं, कारण गाडी मी चालवत होते आणि माझा नवरा शेजारी सामानासारखा बसला होता.

चाळीस वर्षं त्यानं पवनचक्क्या दुरुस्त केल्या. पेकॉसच्या आसपास गुरांच्या रानात अशी चक्की नव्हती जिच्या शिडीवर त्याचे बूट घासले नाहीत. आदल्या वर्षी मे महिन्यात तो वरून पडला. खुब्याचं हाड जुळलं, पण डॉक्टर म्हणाले, "आता वर चढायचं नाही," आणि त्या दिवसापासून व्हर्लिन बोलायचाच थांबला. भांडण नाही, रुसवा नाही. 'हं' आणि 'नको', बस्स.

मुलगी फोनवर म्हणाली, "त्यांना इकडे आण, आई. अंगणात छान खुर्ची टाकू." मला त्या खुर्चीचीच भीती होती. माझ्या सासऱ्यांनाही अशीच खुर्ची टाकून दिली होती, त्यांनी दुसरा हिवाळा पाहिला नाही.

दुपारी जेवायला आम्ही पालो सेकोला थांबलो. ते गाव तेव्हा नुकतंच कलाकारांचं व्हायला लागलं होतं. लोकरीच्या गोदामात कुणी काचेच्या नळ्या टांगल्या होत्या, आणि जुन्या बँकेत नुसती वाळू पसरली होती, तीही बूट काढून बघायची.

"सगळ्यांना वेड लागलंय," खानावळवाली चोनिता बाएझा आमच्यापुढे तिखट लाल रश्शातल्या मक्याच्या पोळ्या, एन्चिलादा, ठेवत म्हणाली. वर एकेक अर्धकच्चं अंडं होतं. "काल एकानं माझा फुटका दरवाजा विकत मागितला. म्हटलं, दाराबरोबर नवराही ने. तोही तितकाच जुना आहे आणि तितकाच कुरकुरतो."

मी हसले. व्हर्लिन मात्र हातात काटा धरून खिडकीकडे कान देऊन बसला होता. बाहेरून आवाज येत होता. कर्रर्र, मग एक लांब कुंईं.

"ऐकतेयस?" तो म्हणाला.

अकरा महिन्यांत त्यानं मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"काय?"

"कोरडी आहे. तीन वर्षं तरी तेल पाहिलेलं नाही तिनं. स्वतःचेच दात खातेय." आणि काठी घेऊन तो उठलासुद्धा.

"अहो आजोबा, अंडं गार होईल!" चोनिता ओरडली.

चक्की मागच्या मोकळ्या जागेत होती. तिच्यासमोर पांढरा रंगवलेला लांब बाक होता आणि खांबावर छोटी पाटी. मी वाचली: 'तहान. थिया ब्रॅनिगन.'

"व्हर्लिन, ही कुणाची तरी कलाकृती आहे रे."

"ही आठ फुटी पंख्याची चक्की आहे," तो म्हणाला.

आमच्या मुलखात दुसऱ्याचं फाटक जसं असेल तसं ठेवतात. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. पण दुसऱ्याच्या कोरड्या चक्कीजवळून तेल न घालता कुणी पुढे जात नाही. त्याला परवानगी लागत नाही, कारण चक्की बंद पडली की गुरं मरतात. तिथे गुरं नव्हती, हे व्हर्लिनच्या लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पाय लटपटला. त्यानं दुसऱ्यांदा ठेवला. मग शिडीला कपाळ टेकवून तो नुसता उभा राहिला.

मी 'चल' म्हटलं असतं तर तो आला असता, मुकाट गाडीत बसला असता आणि थेट टुसानच्या त्या खुर्चीत उतरला असता. मी चपला काढल्या.

"बाजूला हो," मी म्हटलं.

आमचा पिकअप पेट्रोलपेक्षा तेलच जास्त पीत असे, म्हणून सीटमागे डबे होतेच. दोन डबे आणि एक पक्कड पिशवीत घालून, पिशवी गळ्यात अडकवून मी चढले. अठ्ठावन्न वर्षांची होते. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, आणि चक्कीवर चढायची ही पहिलीच वेळ.

"पंख्याचा ब्रेक ओढलाय मी!" खालून तो ओरडला. "खाली बघू नकोस!"

"मग कुठे बघू?"

"पुढच्या पायरीकडे! आणि झगा सावर, अख्खं गाव बघतंय."

"या वयात गाव काय बघणार माझं?"

"मी बघतोय ना!"

मला हसू आलं, आणि वर हसताना पाय कापतात हे तेव्हा कळलं.

"टोपण काढ. बोल्ट डावीकडे आहे. डावीकडे, ओलीटा! तुझ्या आईनं तुला डावा हात कधी दाखवलाच नाही का?"

"आईचं नाव काढशील तर डबा डोक्यात घालीन!"

मी तेल ओतलं, टोपण बसवलं, खाली आले. व्हर्लिननं ब्रेक सोडला. पंखा फिरू लागला, आणि आवाज म्हणून आला नाही.

तेवढ्यात केसात पेन्सिल खोवलेली एक चाळिशीची बाई पलीकडच्या घरातून धावत आली. "आवाज कुठे गेला?"

"काढला!" व्हर्लिन अभिमानानं म्हणाला.

ती होती थिया. शनिवारी न्यूयॉर्कहून चाळीस माणसं तो आवाज ऐकायला येणार होती. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"बाई, ती रडत होती," व्हर्लिन म्हणाला, "आणि तुम्ही समोर बाक टाकून बसलात?"

मी त्याला चिमटा काढला. थिया बाकावर बसली आणि तिनं फिरत्या पंख्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तिचा आवाजच तसा आहे. परत आणता येईल?"

"येईल की. तीन वर्षं तेल घालू नका."

ती पोलिसांना बोलावू शकली असती. आमच्याकडून भरपाई मागू शकली असती. ती हसायला लागली, डोळे पुसत हसली, आणि म्हणाली, "शनिवारपर्यंत दुसरं काही ऐकवता येईल का, आजोबा?"

व्हर्लिननं शेजारच्या कोरड्या टाकीकडे पाहिलं. "पाणी."

मग चार दिवस तो बाकावर बसून काठीनं हुकूम सोडत होता. थिया आणि तिचे मित्र विहिरीतला पाइप वर ओढत होते आणि झिजलेले चामडी वायसर बदलत होते. तो त्यांना शिव्या देत होता, ते त्याला कॉफी देत होते. शनिवारी चाळीस माणसं त्या बाकावर आणि मातीत बसली. पाणी टाकीत पडू लागलं, तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही.

"पाणी पडतं ते ऐकायला एवढी माणसं!" चोनिता माझ्या कानाशी लागली. "उद्या मी माझ्या मोरीपुढे बाक टाकते."

व्हर्लिन पुढे अकरा वर्षं जगला. टुसानची खुर्ची त्यानं पिकअपमध्ये घातली आणि तिथल्या आसपासच्या चक्क्यांखाली बसून तरुणांना वर चढवत राहिला. मी दर ईस्टरला थियाला पत्र लिहायची. आता ती नाही, पण त्या दिवशी तिला आलेल्या हसण्यासाठी मी अजून देवाचे आभार मानते.

पालो सेकोहून आम्ही त्या रविवारी निघालो. तो बोलतच होता. वायसर, वारा, थियाचा आळशी मित्र, चोनिताचं अंडं. डेमिंग गावानंतर माझं लक्ष उडालं आणि वळण चुकलं. मी गाडी कडेला घेतली आणि एकदम रडायलाच लागले.

"अगं, एवढ्यानं काय रडतेस?" तो म्हणाला. "एक वळण तर चुकलंय." नकाशा मांडीवर पसरून तो कुठून कसं जायचं ते सावकाश, पुन्हा पुन्हा समजावत बसला. मला सगळं कळलं होतं. तरी मी म्हटलं, "परत एकदा सांग."