मोजणीदार रस्ता विचारत नाही

चौतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. भावाभावांच्या बांधाच्या भांडणात शेवटचा शब्द माझा असायचा. त्यामुळे लेकीच्या त्या अवाढव्य शहरात आम्ही नवराबायको पाहुणे म्हणून गेलो, तेव्हा रस्ता चुकण्याची भीती मला नव्हती. गर्व होता, खोटं कशाला बोलू?

हिच्या डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली होती. उजवा वाचवायचा तर तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. त्यांची वेळ लेकीने दोन महिने आधी घेतलेली. मंगळवार, सकाळी साडेनऊ.

"मी ऑफिसातून थेट दवाखान्यात येते. तुम्ही टॅक्सी करा," लेक म्हणाली. मी मेट्रोचा हट्ट धरला. मग तिने तिथल्या भाषेत पत्ता लिहून चिठ्ठी दिली. "बाबा, अडलं तर कोणालाही दाखवा."

चिठ्ठी खिशात गेली ती तिथेच राहिली.

पाऊण तास हाताशी ठेवून आम्ही उतरलो. स्टेशनाला चौदा दरवाजे. भिंतीवर भला मोठा नकाशा, त्यात दवाखाना उजव्या हाताला. नकाशात वर उत्तर, उजवीकडे पूर्व. हे मी झोपेतही सांगेन. बाहेर आलो, सूर्य पाहिला आणि सरळ पूर्वेला निघालो.

अर्ध्या तासाने ही म्हणाली, "अहो, ऊन डोळ्यात घुसतंय, सोसत नाही. कोणाला तरी विचारा ना."

"मोजणीदार रस्ता विचारतो होय? नकाशा तू वाचलास की मी?"

ती डोळ्यावर हात धरून चालत राहिली. धापा मी टाकत होतो, ती नाही.

शेवटी नुसती गोदामं लागली, तेव्हा मुकाट मागे फिरलो. स्टेशनातल्या त्याच नकाशापुढे उभा राहिलो. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बारीकसा बाण होता आणि त्याचं टोक खाली होतं. बघणाऱ्याचं तोंड जिकडे, ती दिशा वर, अशी तिथली पद्धत. आधी बाण बघा, मग नकाशा, असं मी हाताखालच्या माणसांना जन्मभर बजावत आलो होतो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. डॉक्टर ऑपरेशनला निघून गेले होते. पुढची वेळ सात आठवड्यांनी. लेक काउंटरपाशी रडकुंडीला आली होती.

"बाबा, झालं काय?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "तुझ्या आईचे गुडघे. वाटेत चारदा बसावं लागलं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. हिने माझ्याकडे पाहिलं, जेवढं दिसत होतं तेवढ्याने.

"आई, मला आधी सांगायचंस ना! तुझ्या या लपवालपवीपायी उरलेला डोळाही जाईल!"

"चुकलंच गं माझं," ही म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनदा तोंड उघडलं. पण लेकीसमोर शब्द फुटेना, इतका मी भित्रा निघालो. तेवढ्यात तिने दारातली चाकांची खुर्ची आणली.

"बस, आई. आता एक पाऊलसुद्धा चालायचं नाही."

हिचे गुडघे ठणठणीत. आमच्या घरी तीन जिने ती दिवसातून चारदा चढते. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही पाय उचलून खालच्या फळीवर नीट ठेवले.

"चला," ती मला म्हणाली, "ढकला."