रंभाची मापकाडी

तिसऱ्यांदा बांधलेलं बाशिंगबी तानाबाईच्या मापकाडीला लावलं, तर दोन बोटं कमी. "मुडदा बशिवला ह्या काडाचा!" म्हनत मी ते भिरकावून दिलं.

आमच्यात नवरीचं बाशिंग गव्हाच्या काडाचं. काड भिजवायचं, नखानं चिरायचं, त्याची वेणी घालायची, वर काडाचीच फुलं. ह्या कानशिलापासनं त्या कानशिलापर्यंत काडीनं माप घ्यायचं आन् शेवटची गाठ मारली की ती काडी तळ्यात सोडायची. घरात ठिवायची न्हाय.

तानाबाईची आई गोजरबाई दारातच बसलेली. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला तशी म्हनली, "केराबाई, उद्या सकाळी अक्षता हायत. बिनबाशिंगाची पोरगी उभी करू व्हय?"

"तुमच्या पोरीचंच डोस्कं फुगलं असंल!" मी तोंडाला यील ते बोलले. पन तिन्ही डाव निघालेलं माप कुनाचं, ते मला ठावं हुतं.

माझी रंभा. चार वर्सांमागं, हळदीच्या आदल्या दिशी पिलेगानं गेली. बाशिंग झालेलं, निस्ती गाठ ऱ्हायलेली. मी ती मारलीच न्हाय. काडीबी सोडली न्हाय. दोन्ही उतरंडीच्या तळच्या मडक्यात लपवलं. पोरगी हितंच ऱ्हाईल, असं वाटलं मला. आन् ऱ्हायली की! काड चिरताना मागनं बांगड्या वाजायच्या. वळून बघायची छाती व्हायची न्हाय, पन मी म्हनायची, "बस गं, झालंच." लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आज ती माझ्या बोटांत शिरलेली. दुसरीचं बाशिंग हूच देत नव्हती.

मी उतरंड उतरवली. बाशिंग अजून पिवळंधमक हुतं. गोजरबाईनं ते बघितलं आन् पदर तोंडाला लावला. मी गाठ मारली. एक गाठ, पन जीव निघाला माझा. तळ्यावर जाऊन बाशिंग आन् काडी पान्यात सोडली.

"जा बाई," मी म्हनले, "आईनंच अडवलं तुला."

घरी येऊन चौथं बाशिंग बांधलं. मापाला मांडलं, बरोबर बसलं. गोजरबाई ते घिऊन गेली.

उरलेलं काड चिरायला बसले. सवयीनं तोंडातनं गेलं, "बस गं, झालंच."

मागं कायबी वाजलं न्हाय. चार वर्सांत पहिल्यांदा मी वळून बघितलं.